त्याचं पुरं होऊ द्या

माझी पंचफुला आत्या फोनवर वाजणाऱ्या टेपलाही मध्येच तोडत नाही. कर्ज हवं का, असं विचारणारी एक बाई आधी तेलुगूत बोलते, मग हिंदीत. आत्या दोन्ही शेवटपर्यंत ऐकते, "नाही लागत, बाई," असं सावकाश सांगते आणि तेव्हा कुठे फोन ठेवते. ते मशीन आहे, असं मी एकदा तिला म्हटलं.

"असंल," आत्या म्हणाली. "पण बोलून तर राह्यली न ते?"

आदिलाबाद जिल्ह्यातल्या, तळमडुगूकडच्या तिच्या गावाला तिचं एक वाक्य पाठ आहे: "त्याचं पुरं होऊ द्या." कोणी कोणाला मध्येच तोडलं, की आत्या बसली असेल तिथून हे वाक्य येतं. कंडक्टर एका दारुड्याला बसमधून उतरवत होता, तर दारुड्याचा उपदेश अर्धा राहिला म्हणून तिनं बस थांबवून धरली.

माझ्या लग्नात एक पाहुणे भाषणाला उभे राहिले. आमच्याकडच्या लग्नांत भाषणं असतातच, पण हे गृहस्थ धम्मदीक्षेपासून निघाले आणि नवरदेवापर्यंत पोचायचं नाव घेईनात. वडिलांनी माईक काढून घ्यायला हळूच हात पुढे केला. पहिल्या रांगेतून आवाज आला, "भाऊ, त्याचं पुरं होऊ दे." आम्ही दोघं हारांसकट उभे. भात गार झाला. आत्याकडे जायचं म्हटलं, की माझी बायको अजूनही आधी जेवून घेते.

याचा अर्थ आत्या भोळी आहे, असा नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती विचारते, "झालं? काही राह्यलं नाही न?" समोरचा खूश होऊन मान हलवतो. "मंग आता ऐक. सारं खोटं बोलला तू." एक विमा एजंट तिच्या ओसरीवर दुपारभर बोलला. पॉलिसी खपली नाही, पण जाताना तो तिच्या पाया पडला. बहुतेक त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण बोलायला मिळालं असावं.

ग्रामसभा म्हणजे तर तिचं माहेर. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरते. आत्या तिथे स्वतःसाठी काही मागत नाही, कसली तक्रारही करत नाही. पुढे सतरंजीवर बसते आणि बोलणाऱ्यांची राखण करते. त्यातही जास्त करून दादारावची.

दादाराव तिचा शेजारी. त्याच्या बकरीनं आत्याच्या वाळत घातलेल्या कुरोड्या खाल्ल्या, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. त्याला सभेत उठायची भारी हौस, आणि उठला की तो निजामापासून सुरुवात करतो. त्याच्या आज्याला कुठल्या गिरदावरानं, म्हणजे निजामाच्या वसुली साहेबानं, काय म्हटलं, तिथून तो निघतो, आणि आजच्या दिवसापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी त्याला खाली बसवतं. त्यामुळे दादारावला नेमकं म्हणायचंय काय, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

नवे सरपंच निवडून आले. त्यांच्या सभेला मी आत्याबरोबर गेलो होतो. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं, "यावेळी पब्लिकनं बोलाचं नाही. लय टाइम जाते. आमी काय केलं ते आमी सांगतो. तुमी ऐका आन् हात वर करा."

"मंग आमाले बलावलं काऊन?" आत्यानं बसल्या बसल्या विचारलं.

"ऐकाले, आत्या."

"ऐकाले तर घरी टीव्ही आहे."

लोक हसले. तेवढ्यात दादाराव उठला. "माह्या आज्याच्या टायमाले," त्यानं सुरू केलं, आणि सरपंचांनी माईकची वायर काढायला लावली. "बस खाली, दादाराव."

दादाराव अर्धा वाकला. आणि आत्या उठली. तिला सभेत उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सरपंच, या माणसाशी मी बोलत नाही. याच्या बकरीशीही बोलत नाही. हा बोलते ते मले पटतही नाही. पण सभा गावाची आहे. आज याले बसवलं, तर उद्या मले बसवसान. त्याचं पुरं होऊ द्या." मग ती लोकांकडे वळली. "माईक नाही. तुमी चूप बसा."

गाव चूप बसलं. काहींना वाटलं, आता भांडण होईल, आणि भांडण सोडून घरी कोण जातं?

दादाराव निघाला. निजाम झाला, गिरदावर झाला, विहीर खोदली, विहीर बुजली. पंचायतीचे सेक्रेटरी मंचेरियालकडचे, तेलुगू बोलणारे. त्यांचा धीर सुटला. हात हलवत ते म्हणाले, "चालु, चालु." तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आत्याला हे पक्कं माहीत; आदिलाबादच्या बाजारात ती वांग्यांसाठी तेलुगूतच भांडते. पण दादारावशी बोलायचं नसल्यामुळे ती साऱ्या सभेला म्हणाली, "ऐकलं न? साहेबच म्हणून राह्यले, चालू. मंग चालू राहू द्या."

सेक्रेटरींना अजून काही म्हणायचं होतं, पण त्यांना स्वतःलाच हसू आवरेना.

आणि मग दादाराव पोचला. विहीर बुजल्यावर गावात नळ आला, नळाचा पाईप शाळेमागच्या नालीतून गेला, आणि तो तिथं फुटलेला आहे. "नळ बंद असला का नालीचं पाणी आत जाते. सकाळच्या पयल्या पाण्याले वास येते. माह्या नातीले जुलाब लागले, ते थांबूनच नाही राह्यले."

एवढं सांगून तो उभाच राहिला. त्याचं संपलं होतं, आणि संपल्यावर काय करायचं असतं, याची त्याला सवयच नव्हती.

कोणी हसलं नाही. ज्यांच्या घरी पोरं आजारी होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरपंच उठून शाळेमागे गेले, त्यांच्या मागे आम्ही सगळे. पाईप खरंच नालीत फुटलेला होता. त्याच आठवड्यात तो बदलला, दादारावची नात बरी झाली, आणि पब्लिकनं बोलायचं नाही, हे सरपंचांनी पुन्हा काढलं नाही. फक्त आता दादारावचं पाहून गावातले बरेच जण निजामापासून सुरुवात करतात.

त्या संध्याकाळी आत्या भाकरी थापत होती. "निजामाचं सारं खोटं सांगतलं त्यानं," ती म्हणाली. मी विचारलं, "आत्या, तू सोताचं काऊन नाही मांडत कधी?"

"मले काय पाह्यजे?" तिनं भाकर उलटली. मग तव्याकडे पाहतच बोलू लागली. "तुझा आजा उठला होता एकदा. सालगडी होता तवा. चावडीवर आपले लोक ओट्याखाली बसत. मी त्याच्या मांडीवर होती. मले खाली ठेवलं, हात जोडले, आन् म्हणे, 'मायबाप, माह्यं एक...' पाटील म्हणे, बस. बसला."

"काय सांगायचं होतं आजोबाले?"

"मायनं विचारलं, त्यानं सांगतलं नाही. मोठी झाल्यावर मी विचारलं. जाऊ दे म्हणे." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पण त्या दिवशी वापस येताना साऱ्या रस्त्यानं बोलला तो. एकटाच, हळूहळू. मी खांद्यावर होती. माह्या कानाशीच बोलून राह्यला होता."

"मग?"

"मंग काय. लहान होती मी. मले झोप लागली."