एकशेविसावं पाकीट

मुबश्शिराला एकशेवीस माणसं हवी होती आणि तिच्याकडे एकशे अठराच जमली होती. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

ती शहरातल्या एका रुग्णालयात संशोधनाचं काम बघायची आणि त्यासाठी रोज खुलताबादहून एसटीनं यायची. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी, डॉ. सुदर्शन यांनी, एक अभ्यास हाती घेतला होता. पोट आतून तपासायची दुर्बीण तोंडातून घातली तर माणसाला कमी त्रास होतो, की बारीक नळीची नाकातून घातली तर? कुणाला कुठून घालायची हे डॉक्टरांनी ठरवायचं नव्हतं आणि पेशंटनं तर नाहीच नाही. ते बंद पाकिटात लिहिलेलं असे. पाकिटं क्रमानं फोडायची आणि आत निघेल ते करायचं, एवढा साधा नियम. पण नळीचं नाव काढलं की माणसं गोळ्या लिहून घ्यायची आणि पायऱ्या उतरायची.

पाचोडचे कडुबाकाकाही उतरायच्याच बेतात होते. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की घशाशी आंबट पाणी, दिवाळीपासून, त्यातून वांगं खाल्लं तर विचारूच नका, अशी त्यांची तक्रार होती. मुबश्शिरानं तासभर समजावलं, तेव्हा कुठं त्यांनी फॉर्मवर सही केली. तिला इतका आनंद झाला, की पाकीट स्वतः फोडायचं सोडून तिनं ते त्यांच्या हातात दिलं.

"काका, तुम्हीच उघडा. तुमच्या नशिबाला दुसऱ्याचा हात कशाला?"

पुढचं सगळं या एका वाक्यानं झालं.

पाकिटात 'नाक' निघालं. नळी वायरीएवढी बारीक, त्यामुळे काकांना उमासा आला नाही, बोलता येत होतं, आणि समोरच्या टीव्हीवर स्वतःचं पोट दिसत होतं. थोडी सूज आहे, गोळ्यांनी जाईल, बाकी सगळं चकाचक, असं डॉक्टर म्हणाले. काका गावी गेले ते लग्नातल्या नवरदेवासारखे. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांपासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं, "माझं नाक लागलं."

दुपारपर्यंत बाजारात पक्कं झालं, की शहरात सोडत निघते आणि ज्याचं नाक लागतं त्याला आपलं पोट टीव्हीवर बघायला मिळतं. संध्याकाळी अकरा जणांनी मिळून काळी-पिवळी जीप ठरवली.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी ती गाडी रुग्णालयाच्या दारात रिकामी झाली. पुढे कडुबाकाका, मागे अकरा पुरुष, आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला काकांची बायको, द्वारकाबाई. एकाची गरज होती आणि अकरा आले होते. त्यांना बसायला सांगण्याआधीच मुबश्शिरानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी लगेच अभ्यासाच्या पुण्यातल्या मुख्य केंद्राला कळवून टाकलं, की माणसं पूर्ण झाली, उलट दहा जास्तीच आहेत.

मग तिनं एकेकाला आत घेतलं. पहिला शिवराज. त्याला डाव्या कुशीवर झोपलं की आंबट पाणी यायचं, दिवाळीपासून, वांग्यानं जास्त. दुसऱ्यालाही डावी कूस, दिवाळी आणि वांगं. चौथ्यालाही तेच निघालं तेव्हा तिचा पेन थबकला. पाचव्याला तिनं मुद्दाम विचारलं, "कोणत्या कुशीवर?" तो काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या काकांकडे बघू लागला आणि काकांनी गुपचूप डाव्या बरगडीवर हात ठेवला. उपाशी आलात ना, असं विचारल्यावर तो "व्हय" म्हणाला. त्याच्या मिशीत वाटेवरच्या आडूळच्या पोह्यांची कोथिंबीर होती.

ती उठून डॉक्टरांकडे गेली.

"एकालाही खरंच त्रास नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास सगळ्यांना आहे, सर. पण तो एकट्या कडुबाकाकांचा आहे."

डॉक्टर म्हणाले, की खोटा माणूस घालून आकडा पुरा करण्यापेक्षा एकशे एकोणीस बरे. पुण्याला काय सांगायचं ते बघतो. मुबश्शिराच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांची पायपीट एका माणसावर अडली होती.

बाहेर येऊन तिनं सगळ्यांना परत जायला सांगितलं. अकरा जण फुगून बसले. पिशव्यांच्या ढिगामागे द्वारकाबाई दिसल्या, म्हणून तिनं रीत म्हणून चहा विचारला. उपास आहे, असं त्या म्हणाल्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी.

मुबश्शिराला हसू आलं. "मावशी, आमचे रोजे महिनाभर. तुमचे तर बारा महिने."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देवाचं नुसतं नाव हाय, बाई. घास हितं अडकतो." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "उपास हाय म्हणलं की जेवली का नाय कुणी विचारीत नाय."

"कधीपासून?"

"थोरलीच्या लग्नापासून. तिचं पोरगं औंदा शाळंत गेलं."

मुबश्शिरा ताडकन उभी राहिली. कडुबाकाका मध्ये पडले. तिला काय धाड भरलीय, ती लोखंड हाय, कुणाच्या नादी लागता, असं म्हणू लागले. द्वारकाबाईंनी पिशव्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि सही कुठं करायची ते विचारलं.

मुबश्शिरानं सगळं नीट समजावून सांगितलं, डॉक्टरांनी विचारपूस केली, आणि एकशेविसावं पाकीट बाहेर आलं. अकराही जण दारात दाटले. आत 'तोंड' निघालं. शिवराज कळवळून म्हणाला, की वहिनी, परत एकदा काढू द्या म्हणा.

"तोंड तर तोंड," द्वारकाबाई म्हणाल्या. "घास जिथून जातो तिथूनच जाऊ द्या की."

अन्ननलिका आम्लानं आकसून अरुंद झाली होती. डॉक्टरांनी बारीक तुकडा तपासायला पाठवला, तो निर्धोक निघाला. मग पुन्हा बोलावून दुर्बिणीतूनच फुगा घालून ती वाट रुंद केली. त्या आठवड्यात कडुबाकाकांच्या घरी टोपल्यातल्या भाकरी पहिल्यांदाच कमी पडल्या आणि दुसऱ्यांदा पीठ मळावं लागलं. काका चुलीला फुंकर घालत बसले.

अभ्यास पुरा झाला, माहिती पुण्याला गेली. मुबश्शिरा खुशीत टेबल आवरत होती तेव्हा फोन वाजला. द्वारकाबाई होत्या. गाडी ठरवलीय, आम्ही नऊ जणी उद्या येतोत, असं त्यांनी सांगितलं.

मुबश्शिराला वाईट वाटलं. मावशी, ते संशोधन संपलं, आता एकही पाकीट उरलं नाही, असं तिनं हळूच सांगितलं.

पलीकडे द्वारकाबाईंनी बाकीच्यांना काहीतरी विचारलं. कुजबुज झाली. मग त्या परत फोनवर आल्या.

"पाकिटाचं राहू द्या, बाई. आम्ही दुखण्यापायी यायलोत."