उसाच्या फडात नोंदलेला फोन

साहेब, तुम्ही आमच्या फोनचा पत्ता उसात घातलात. तुमचं नाव घेत नाही, कारण तुम्ही नक्की कोण, हेच आम्हाला कुणी सांगत नाही. कंपनी सरकारकडं बोट दाखवते, सरकार कंपनीकडं, आणि दोघं मिळून आमच्याकडं.

संकट सांगून येत नाही, म्हणतात. ही संकटाची बेशिस्त झाली. इंटरनेटवर चालणारा घरचा फोन ती खपवून घेत नाही. संकटानं लाईट असताना यायचं आणि नोंदलेल्या पत्त्यावर यायचं, एवढ्याच त्याच्या अटी आहेत. (आमच्या पाहणीनुसार वस्तीत या अटी पाळून आजारी पडणारे जबाबदार नागरिक शेकडा पाचसुद्धा नाहीत. जनजागृती कमी पडते.)

जुना तारेचा फोन अडाणी होता. गावाची लाईट गेली तरी वाजायचा. प्रगतीला न शोभणारी ही वागणूक बघून तुम्ही तार काढून नेली आणि भिंतीवर लुकलुकणारी पेटी दिलीत. मोबाईल आहेत आमच्याकडं, पण पाथर्डीच्या पल्याड डोंगराच्या कुशीत रेंज येत नाही. म्हणून तर पेटी घेतली.

नोंदणी झाली भर थंडीत. तेव्हा निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली. आमचा शेजारी गहिनीनाथ श्रीगोंद्याकडं फडात मोळ्या बांधत होता. तुमच्या बाईंनी त्याला मोबाईलवर विचारलं, "सर, सध्या कुठे राहता?"

आमच्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना रोग. तो म्हणाला, "सध्या व्हय? सध्या तर फडात हाय जी. कॅनॉलच्या कडंला, पाचटाच्या कोपीत."

तेच नोंदलं गेलं. पेटी बसवणारा मात्र वस्तीवर बरोबर आला, कारण त्यानं पत्ता वाचलाच नाही. विचारत विचारत आला.

जेठ महिन्यात गहिनीनाथची लेक निकिता बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या, अंगावरून जायला लागलं. तिच्या आईनं, राहीबाईनं, मदतीचा नंबर फिरवला.

"आवं बाई, लेक अडलीय माझी! गाडी धाडा. वस्ती कुठं ती सांगते, पाथर्डीच्या..."

"घाबरू नका मावशी. पत्ता सांगायची गरज नाही, आम्हाला समोर दिसतोय."

"दिसतोय? आन् मग दारातली चिंचबी दिसती का?"

तेवढ्यात वारं सुटलं, लाईट गेली, पेटी मेली.

अॅम्ब्युलन्स वेळेच्या आधी पोचली, याबद्दल तिचं कौतुक झालंच पाहिजे. फक्त ती श्रीगोंद्याकडं पोचली. मधे अख्खा जिल्हा. चालकानं तिथल्या शेतकऱ्याला विचारलं, "बाळंतीण कुठंय?"

"बाळंतीण न्हाई बाबा. ऊस हाय, त्योबी गुडघ्याएवढा."

इकडं राहीबाई दारात उभी राहून वाट बघत होती. पत्ता दिसतोय म्हणलेत, म्हणजे येणारच. शेवटी कांदा घेऊन निघालेल्या पीरमहंमदचा टेम्पो तिनं आडवी होऊन थांबवला.

"चाची, पुढं बसवा तिला!"

"बसायचं न्हाई रे, आडवं व्हायचंय! गोण्या सार!"

पोरगी टेम्पोतच झाली. कांद्यामुळं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं खरं रडलं कोण याची नोंद घेता आली नाही. दवाखान्यात निकिताला रक्ताच्या बाटल्या लावल्या. डॉक्टर गहिनीनाथला म्हणाले, "आणखी थोडा उशीर केला असता, तर नुसती नात घेऊन घरी गेला असता."

उशीर त्यानं केला, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

त्यानं पत्ता बदलायला फोन लावला.

"बदलू की, सर. पडताळणीला आमचा माणूस नोंदलेल्या पत्त्यावर येईल. तिथं हजर राहा."

"पर तिथं मी ऱ्हातच न्हाई."

"तेच तिथं येऊन सांगायचं."

तसा हा पत्ता अगदीच चूक नाही, हे मान्य करू. दिवाळी झाली की गहिनीनाथ आणि राहीबाई पुन्हा त्याच फडावर जातील. तेव्हा पत्ता शंभर टक्के बरोबर असेल. फक्त फोन इथं असेल आणि फोनजवळ अशक्त निकिता, तान्ही पोर घेऊन. तिचा नवरा ऊसतोडीच्या दुसऱ्या टोळीत, म्हणून ती माहेरीच राहणार आहे.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही हसलात. हसा. तुमच्याही भिंतीवर तसलीच पेटी लुकलुकतेय, आणि तिला तुमचं घर माहीत आहे असं तुम्ही धरून चाललाय, राहीबाईसारखंच. कधी विचारलंय?

आणि साहेब, तुम्ही. थंडीत त्या लेकराचा श्वास अडकला आणि निकितानं नंबर फिरवला, तर गाडी कुठं जाणार? पडताळणी नको, खेद नको. गावाचं नाव सांगा.