अर्जावरची तीन नावं

शाल्मली गुरसाळेचा विषय ठरत नव्हता, म्हणून देशातली दोन नामांकित विद्यापीठं सोमवारी सकाळी तिच्या घरी मुक्कामाला आली.

तशी रीतच आहे. ज्यांचा विषय ठरलेला असतो त्यांना पत्र येतं. ज्यांचा ठरलेला नसतो त्यांच्याकडे विद्यापीठाला स्वतः जावं लागतं, चार दिवस राहावं लागतं आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत उत्तर घ्यावं लागतं. शाल्मलीला बारावीला सत्त्याण्णव टक्के पडले होते आणि दोन्ही विद्यापीठांना ती हवी होती. तिच्या अर्जावर सगळं भरलेलं होतं. फक्त विषयाचा रकाना कोरा होता.

एवढी मोठी विद्यापीठं आपल्या तीन खोल्यांत मावणार कशी, याची शाल्मलीच्या आईला, रजनीताईंना, घोर काळजी होती. पण मोठ्यांना कुठे किती जागा घ्यायची ते बरोबर कळतं. दीडशे वर्षांचं दगडी विद्यापीठ दिवाणावर बसलं. घड्याळाचा मनोरा पंख्याला लागू नये म्हणून उठताना ते थोडं वाकायचं, एवढंच. दुसरं काचेचं होतं, वीस वर्षांचं. ते आग्रह करूनही खुर्चीवर बसेना. खाली सतरंजीवर मांडी घालून बसलं. घरात त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायला सुरुवात झाली. मंगळवारपर्यंत शेजारच्या बायका "थोरल्याला चहा चालतो का हो?" असं विचारूही लागल्या.

शाल्मलीचे वडील उल्हासराव पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते. त्यांचं काम एकच. रोज सकाळी आठ वाजता नदीवर जायचं, पुलाजवळच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि नोंदवहीत लिहायची. तीस वर्षं ते हेच करत होते. पोरीने नदीकाठ सोडावा, जाऊन काहीतरी व्हावं, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. काय व्हावं हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना स्वतःला एकदा सांगितलं गेलं होतं, तेवढं पुरे होतं.

सोमवारी पोहे झाल्यावर थोरल्याने विषयाला हात घातला.

"आमच्याकडे विषय ठरवूनच यावं लागतं," ते म्हणालं. घरंदाज आवाज. "एक विषय. मग आम्ही खाली खाली नेतो. पार तळापर्यंत."

"आमच्याकडे पहिली दोन वर्षं ठरवायची गरज नाही," धाकटं म्हणालं. "फक्त ठरलेलं नाही असं लेखी द्यावं लागतं. आणि त्यावर ठाम राहावं लागतं."

सगळ्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. तिने पोह्यातला शेंगदाणा बशीच्या कडेला सरकवला.

"मला सगळंच आवडतं," ती म्हणाली. "इतिहास वाचला की इतिहास. गणित सोडवायला घेतलं की तेच. कालपर्यंत ठरलेलं नव्हतं हे नक्की होतं. आज तेही नक्की वाटत नाही."

धाकट्याने हे लिहून घेतलं. त्याचा चेहरा उतरला असावा, पण काचेमुळे नीट कळलं नाही.

मंगळवार आणि बुधवार असेच गेले. दोन्ही विद्यापीठं अतिशय सभ्य होती. थोरलं पाठ्यपुस्तकं पुढ्यात मांडून ठेवायचं आणि काही बोलायचं नाही. धाकटं शाल्मलीला गच्चीवर फिरायला न्यायचं आणि तिला काय वाटतं ते विचारायचं. ती खाली आली की रजनीताई डोळ्यांनीच विचारायच्या, आणि ती मान हलवायची. ती मान हो म्हणून हलायची की नाही म्हणून, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. बुधवारी रात्रीच्या जेवणाला पोरगी ताटावर बसून राहिली. वरण घेऊ की आमटी, यात भात गार झाला. उल्हासरावांनीच शेवटी तिच्या भातावर वरण वाढलं, आणि तिने ते मुकाट्याने खाल्लं.

गुरुवारी सकाळी उल्हासराव नोंदवही आणि छत्री घेऊन निघाले, तर थोरलं म्हणालं, "आम्हीही येतो. पाय मोकळे होतील."

पाहुण्याला नको कसं म्हणायचं? दोघं नदीवर गेले. उल्हासरावांनी पातळी बघितली, लिहिली, सही केली. मग सवयीने वाकून काठावरचा एक दगड उचलला, अंगठ्याने पुसला आणि परत होता तिथे ठेवला.

"तुम्हाला कुठला विषय घ्यायचा होता?" थोरल्याने सहज विचारलं.

"भूगर्भशास्त्र," उल्हासराव म्हणाले.

म्हणायला त्यांना एक क्षणही लागला नाही. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बोलून गेल्यावर त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. ते घाईघाईने म्हणाले की वडिलांनी नोकरी लावून दिली ते चांगलंच झालं, तक्रार काही नाही. थोरल्याने नुसता हुंकार दिला. मनोऱ्यातल्या घड्याळात सव्वाआठचा ठोका पडला आणि दोघं घरी आले.

संध्याकाळी पाच वाजता सगळे पुढच्या खोलीत बसले. रजनीताईंनी देवाजवळ दिवा लावला होता. शाल्मलीसमोर अर्ज होता आणि हातात पेन होतं. पेन रकान्याजवळ जाई आणि थांबे. पाच वाजून दहा मिनिटांनी धाकटं उठलं.

"आमच्याकडे न ठरवण्यासाठीसुद्धा एक पक्केपणा लागतो," ते हळूच म्हणालं. "तो तिच्यात नाही. वाईट वाटून घेऊ नका. पोहे फार छान होते." त्याने रजनीताईंना वाकून नमस्कार केला आणि ते निघालं. बाहेर ऊन त्याच्या काचांवर जरा वेळ चमकलं.

थोरलं मात्र उठलं नाही. त्याने अर्ज जवळ ओढला आणि चष्मा लावावा तशा दोन कमानी पुढे केल्या.

"गुरसाळे, शाल्मली, उल्हास," त्याने वाचलं. "अर्जावर तीन नावं आहेत. आडनावाला विषय नसतो. उरली दोन. त्यांतल्या एकाचा विषय ठरलेला आहे. आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, नदीवर, सहज विचारलं असताना, एका क्षणात. असं उत्तर आम्हाला चाळीस वर्षांत मिळालेलं नाही."

मग उल्हासराव उभे राहिले.

"ते माझं नाव नाही हो," ते म्हणाले. "म्हणजे माझंच आहे, पण तिथे ते तिचं आहे. वडिलांचं नाव लिहायचीच पद्धत आहे आपल्याकडे."

"पद्धत आम्हाला ठाऊक आहे."

"ही माझ्या मुलीची जागा आहे."

"जागा अर्जाची असते, गुरसाळे. भरली नाही तर ती आज संध्याकाळी सहाला नष्ट होईल. मग दोघांपैकी कुणीच नाही."

रजनीताई नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला विषय सांगायची काय गरज होती?"

"अगं, पाहुण्यांनी विचारलं. गप्प कसं बसायचं?"

रजनीताईंनीही तेच केलं असतं.

"जा तुम्ही, बाबा," शाल्मली म्हणाली. चार दिवसांत तिने स्पष्ट बोललेलं हे पहिलंच वाक्य. मग तिने पेन वडिलांच्या हातात दिलं.

उल्हासरावांना आनंद झाला. तो इतका सरळ आणि इतका मोठा होता की त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना. पोरीच्या तोंडचा घास काढून घेताना माणसाला असं वाटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सहाला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी रकान्यात विषय लिहिला. अक्षर वळणदार आलं.

ऑफिसचं काय, हा प्रश्न होताच. त्यांचे साहेब, थोरात, शेजारच्याच गल्लीत राहत. ते चप्पल घालून आले, सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"हे बघा, नोंदवहीला आठची नोंद लागते," थोरात म्हणाले. "सहीत उल्हास गुरसाळे पाहिजे, एवढंच. पोरीच्या नावात दोन्ही आहे. आधी एक शब्द जास्त येतो, तो मी वर कळवतो." ते शाल्मलीकडे वळले. "सोमवारपासून नको, उद्यापासूनच ये. नदी थांबत नाही."

शाल्मलीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोरातांनी तो होकार धरला.

वसतिगृहासाठी आणलेली ट्रंक तयारच होती. झाकणावर पेंटरकडून शाल्मलीचं पूर्ण नाव लिहून घेतलं होतं, ते पुसायची गरज पडली नाही. रजनीताईंनी पोरीचे ड्रेस काढून ठेवले. पँट-शर्ट, बनियन, मफलर, रक्तदाबाच्या गोळ्या असं भरलं. "गरम पाणी असतं ना हो तिथे?" असं त्यांनी थोरल्याला दोनदा विचारलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर दही घातलं. पोरीसाठी विरजलेलं होतं, गोड लागलं. शाल्मली तोवर छत्री आणि नोंदवही घेऊन कामावर गेली होती. पहिल्या दिवशी उशीर नको म्हणून.

पावणेआठची एसटी आठच्या सुमारास पुलावर आली. थोरलं खिडकीशी बसलं होतं, पण त्याने उठून उल्हासरावांना जागा दिली.

खाली मोजपट्टीपाशी शाल्मली उभी होती. उल्हासरावांना सवयीने वरूनच पातळी दिसली. वारं होतं. पाणी दोन खुणांच्या मधे वरखाली होत होतं, तसं ते रोजच होतं. अशा वेळी सात श्वास मोजायचे आणि पाणी जिथे असेल ती खूण लिहून मोकळं व्हायचं, पुन्हा बघायचं नाही. तीस वर्षांत त्यांना ही एकच गोष्ट स्वतःहून कळली होती. काल रात्री मफलर शोधण्याच्या गडबडीत ती तिला सांगायची राहून गेली होती.

त्यांनी खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला. ती अडकलेली होती.

"पहिला धडा खडकांच्या थरांवर आहे," थोरलं म्हणालं आणि त्यांच्या मांडीवर पुस्तक उघडून ठेवलं.

शाल्मली पेन कागदापाशी धरून पाण्याकडे बघत होती. बस पूल संपवून वळली, तोवर तिने काही लिहिलं नव्हतं.