आतल्या खोलीतला आवाज बंद करण्याबाबत

संगीत ही ऐकण्याची गोष्ट आहे, असा एक गैरसमज समाजात फार पूर्वीपासून पसरलेला आहे. तो दूर करण्याचं कार्य चोखंदळ श्रोते मंडळ कित्येक वर्षं निष्ठेने करत आलं आहे. मंडळाच्या घटनेचं चौथं कलम स्पष्ट सांगतं की सभेत कोणतीही रेकॉर्ड वाजवली जाणार नाही. कारण साधं आहे. वाजवली की रेकॉर्ड झिजते, आणि वाजत असली की तिच्याविषयी बोलता येत नाही. (सुरुवातीच्या काळात एकदा वाजवून पाहिली होती. एक सभासद घोरू लागले. इतिवृत्तात ‘तल्लीन झाले’ अशी नोंद आहे.)

मंडळाच्या सभा चिटणिसाच्या घरी, बाहेरच्या खोलीत भरत. चिटणीस पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होता, म्हणजे लिखापढीला सरावलेला. रेकॉर्डींचं काचेचं कपाट त्याच्याकडेच होतं. कपाट एवढं मोठं की ते आलं तेव्हा रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ठेवायला जागाच उरली नाही. मग यंत्राची रवानगी आतल्या खोलीत झाली, चिटणिसाच्या बायकोच्या शिलाई मशीनशेजारी. यावर कोणीही हरकत घेतली नाही, कारण यंत्राचं मंडळात तसं काही काम नव्हतं.

खोलीत हाताची एकच खुर्ची होती. ती चिटणिसाच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली, पण तिच्यावर अध्यक्ष बसत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बसले की बसले. सभासदांपैकी दंतवैद्य पलंगावर बसे. आणि चिटणीस स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीसमोर, स्टुलावर बसून चहाचे कप मोजत असे. त्या खुर्चीवर एकदा अधिकाराने बसायचं, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी राहिली होती.

म्हणून अध्यक्षांनी गुडघ्यांचं कारण सांगून निवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं आणि हातातली बशी आनंदाने निसटली. नवा अध्यक्ष स्पर्धेतून निवडायचं ठरलं. विषय: स्त्री कलावंतांचा सर्वांत आवडता अभिजात अल्बम. ज्याचा अल्बम जिंकेल त्याची खुर्ची. मंडळात एकही बाई नसल्यामुळे हा विषय निःपक्षपातीपणे हाताळता येईल, यावर एकमत झालं.

गुणांची विभागणी अशी: दुर्मिळतेला चाळीस, कव्हरला तीस, कलावतीने सोसलेल्या दुःखाला वीस आणि संगीताला दहा. (संगीताचे दहा कलम चारमुळे कोणालाच देता येत नव्हते, त्यामुळे त्यात पक्षपाताला वाव नव्हता.) कपाटात बायकांचे म्हणून एकोणतीस अल्बम निघाले. त्यांतले आठ बाद झाले, कारण बाई फक्त कव्हरवर होती.

दंतवैद्याने एका पियानोवालीचं नाव पुढे केलं. तिने लग्नानंतर पियानो कायमचा बंद केला होता, तेव्हा दुःखाच्या सदरात पैकीच्या पैकी. चिटणिसाने दोन बहिणींचा ‘उतरती उन्हं’ मांडला. थोरली व्हायोलिन वाजवते, धाकटी गाते. कव्हरवर दोघी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. त्यावरून या अल्बमनंतर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, असा निष्कर्ष चिटणिसाने चौदा पानांत काढला. अध्यक्षांचे डोळे पाणावले.

चर्चेचे काही आठवडे भारलेले होते. एकच गालबोट होतं. सभा ऐन रंगात आली की आतल्या खोलीतून गाण्याचा आवाज सुरू व्हायचा. तिथे चिटणिसाची बायको गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काजं करत बसलेली असे आणि यंत्रावर काहीतरी लावून देई. एक बाई गायची, मागे कसलंसं तंतुवाद्य कुरकुरायचं.

“वहिनी, जरा आवाज!” दंतवैद्य ओरडायचा. “इथे बायकांच्या संगीतावर बोलणं चाललंय!”

“हो, भावजी,” आतून उत्तर यायचं. आवाज थोडा कमी व्हायचा आणि चहा बराच उशिरा यायचा.

अखेर मंडळाने ठराव केला: ‘आतल्या खोलीतील रडक्या व बेसूर आवाजामुळे सभेच्या अभिरुचीस बाधा पोहोचत असून मंडळ त्याचा निषेध करत आहे.’ सूचक दंतवैद्य, अनुमोदक अध्यक्ष. ‘बेसूर’ हा शब्द चिटणिसाने स्वतःच्या पदरचा घातला. घरचा माणूस असूनही तटस्थ राहता येतं, हे त्याला दाखवायचं होतं.

निकाल लागला. ‘उतरती उन्हं’ तीन गुणांनी जिंकला. दंतवैद्याचं तोंड दाढ दुखल्यासारखं झालं. अध्यक्ष खुर्चीतून उठता उठता म्हणाले, “आजच्या दिवस कलम चार बाजूला ठेवू. विजेत्या अल्बमची एक बाजू ऐकू या. एवढीशी झीज मंडळ सोसेल.”

चिटणिसाने कपाट उघडलं, कव्हर काढलं, आत हात घातला. हात तसाच रिकामा बाहेर आला.

“रेकॉर्ड नाही?” दंतवैद्य ताडकन उठला. “मग नुसत्या पुठ्ठ्याला अध्यक्षपद देणार का? नामांकन रद्द!”

चिटणिसाने कव्हर उलटं धरून झटकलं. हातातोंडाशी आलेला घास! आणि नेमकं तेव्हाच आत गाणं सुरू झालं.

“आधी ते रडगाणं बंद करा,” अध्यक्ष म्हणाले, “आणि मग शोधा.”

तो तरातरा आत गेला. “अगं, बंद कर ते! माझी अब्रू जायची वेळ आलीये. ‘उतरती उन्हं’ सापडत नाहीये.”

बायकोने काजातली सुई काजातच ठेवली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “ती काय, फिरतेय.”

त्याने वाकून पाहिलं. फिरत होती. तबकडीवर दोघी बहिणींची नावं गोल गोल चालली होती.

“ही इथे कशी?”

“कव्हर तुम्हाला लागतं, रेकॉर्ड मला लागते. आजवर कुणाचं अडलं होतं का?” तिने हलकेच काटा उचलला. “घेऊन जा. पण दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं जरा अडखळतं. मीच झिजवलंय.”

यंत्र बाहेरच्या खोलीत आलं. रेकॉर्ड लागली. पहिल्या दोन ओळींत अध्यक्षांनी डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला दंतवैद्याने मान हलवली आणि शेवटी तर रुमाल काढला.

“रडगाणं आणि करुण रस यांतला फरक आज समजला,” तो म्हणाला. “मी माझी हरकत मागे घेतो.”

“अहो वहिनी!” अध्यक्षांनी आतल्या दिशेने हाक दिली. “ऐकताय ना? याला म्हणतात गाणं!”

“ऐकतेय, सर,” आतून आवाज आला. “बरेच दिवस झाले.”

चिटणीस तोंड उघडून उभा होता. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण ते बोललं असतं तर निषेधाच्या ठरावाचा विषय निघाला असता, त्यातलं ‘बेसूर’ निघालं असतं, आणि ते त्याच्याच अक्षरात होतं. त्याला लाज वाटली. चांगलीच वाटली. मग तो खुर्चीवर जाऊन बसला. सासऱ्यांनी खुर्ची खरोखर उत्तम दिली होती.

पुढच्या सभेला नवे अध्यक्ष खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसले होते. चहा आला नव्हता. यंत्र परत आत गेलं होतं आणि तिथून आता कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज येत होता, सोबत पियानो. नव्या अध्यक्षांनी सवयीने मान वळवली.

“अगं, जरा आवाज कमी कर. सभा चाललीये.”

“ही तुमची पुढच्या वर्षीची विजेती आहे,” ती आतून म्हणाली. “आत्ताच ऐकून घ्या.”

सभेला यातलं काही कळलं नाही. दार लोटून घेण्यात आलं आणि कामकाज पुढे सुरू झालं.

मंडळात सध्या काही जागा रिकाम्या आहेत. प्रवेशपरीक्षा अगदी सोपी आहे आणि इतका वेळ हे वाचत बसल्यामुळे आपली ती नकळत देऊनही झाली आहे. प्रश्न एकच होता: आपण वाचत होतात तेव्हा आपल्या घरात आत कोण गुणगुणत होतं, आणि काय? उत्तर येत नसेल तर अभिनंदन. आपलं सभासदत्व मंजूर झालं आहे. येताना स्टूल घेऊन या.