पिवळे तळहात

नारिन नदीच्या वरच्या अंगाला एका गावात सरकारी दवाखाना होता, आणि तिथे कुठलाही डॉक्टर कुठल्याही रोग्याला तपासत असे. हा गोंधळ मुख्य डॉक्टर एमिल झूनुशोविच यांच्या ध्यानात आला तो राजधानीतल्या परिषदेहून परतल्यावर.

परिषदेत त्यांनी ऐकलं होतं, की शरीरातल्या शिपाई पेशी वाटेल तिथे भटकत नाहीत. आतड्याजवळच्या गाठीत शिकलेल्या पेशीला तिथल्या 'अ' जीवनसत्त्वामुळे आतड्याचा पत्ता मिळतो, त्वचेकडच्या पेशीला उन्हाच्या 'ड' जीवनसत्त्वामुळे त्वचेचा. मग जो तो आपल्याच घरी जातो.

"शरीराबद्दल कुणाची तक्रार आहे?" त्यांनी विचारलं. कुणाची नव्हती.

त्यानुसार पोटाच्या डॉक्टरांना तळघरात बसवून दोन्ही वेळा गाजरं देण्यात आली. त्वचेच्या डॉक्टरांना गच्चीवर उन्हात बसवलं. हिवाळा लागेपर्यंत तळघराचे तळहात पिवळे पडले आणि गच्चीची नाकं सोलली. तोच दाखला. जिन्यावरचा पहारेकरी हात आणि नाक बघूनच डॉक्टरांना सोडू लागला.

सगळं असं शिस्तीत चाललं असताना तुर्दाकुनची बायको बात्मा आजारी पडली. पोटात कळा, शौचावाटे रक्त, आणि दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी.

तळघरात डॉक्टर गुल्झातने पोट तपासलं. मग नडगी दिसली.

"तुर्दाकुन बाइके, या गाठी वरच्यांच्या. त्या कसल्या ते कळल्याशिवाय मला औषध देता येत नाही. बात्मा एजेंना गच्चीवर न्या." तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात, बाईला एजे.

तुर्दाकुनने बायकोला पाठीवर घेतलं आणि वर नेलं.

"गाठी माझ्या," सोललेल्या नाकाचा डॉक्टर म्हणाला, "पण मूळ पोटात आहे. खालच्यांनी पोट शांत करावं, मग मी हात लावीन."

"मग दोघं जिन्यात भेटा ना!"

"जिना कुठल्या अवयवात येतो, बाइके?"

"घरी चला," बात्मा पाठीवरून म्हणाली. "जन्मभर मी तुमचं ओझं वाहिलं. सगळी फेड आजच नको."

गुल्झातला राहवलं नाही. ती मुख्य डॉक्टरांकडे गेली. "साहेब, शरीरात एखादा भाग पेटला की तो हाका मारतो, दारं उघडतो, येईल त्या शिपायाला आत घेतो. परिषदेतल्या त्या छापील भाषणाच्या उत्तरार्धात हेच होतं."

"उत्तरार्ध जेवणानंतर होता," साहेब म्हणाले. "जेवणानंतर कोण थांबतं?"

बर्फ वितळायच्या आत बात्मा गेली.

रीतीप्रमाणे अंगणात तंबू उभा राहिला, घोडा कापला गेला, आणि तुर्दाकुन दाराशी काठीवर वाकून मोठ्याने रडू लागला. ते ऐकून, रीतीप्रमाणेच, माणसं लांबूनच हंबरडा फोडत धावत आली. पिवळे तळहात आले. सोललेली नाकं आली. पहारेकरी आला. सगळ्यांत मोठा आवाज एमिल झूनुशोविच यांचा होता.

तुर्दाकुनने डोळे पुसले. "साहेब, तुमचा पत्ता इथला कसा?"

"मयताला पत्ता बघतात होय, बाइके? हाक ऐकू आली की यायचं."

"हाक तर ती हिवाळाभर मारत होती."

साहेबांनी दुःखाने मान हलवली आणि हात धुवायला पाणी मागितलं.

तंबूत जागा पुरेना. तुम्ही-आम्हीही होतोच तिथे. मांडी घालून बसलो, मांसाचा वाटा घेतला, बाई फार चांगली होती म्हणालो. जिन्यात मात्र आपल्यापैकी कुणी दिसलं नव्हतं.