चिंधाअप्पांची हळद

आमच्या कळसाडीचे चिंधाअप्पा गावजेवणाला जाताना घरून तांब्याभर पाणी घेऊन जात. त्यात सोवळंओवळं काही नव्हतं. "त्यासनी जेवाले बलायं, म्हनून जेवन त्यासनं. पानी मन्हं!" असा त्यांचा चोख हिशेब.

हे खूळ त्यांनी सुरतेहून आणलेलं. तरुणपणी तिथल्या गिरणीत काही वर्षं काढली, बाप गेल्यावर शेतीसाठी परत आले. पारावर बसून सुरतेचं कौतुक सांगत. "तठे शेजारीले शेजारीनं नाव म्हाईत नही. याले म्हनतस सुधारना!"

आमचं गाव अगदी उलट. कुणाच्या घराची कौलं फेरायची, तर सगळी आळी छपरावर. कुणाची पेरणी मागे राहिली, तर न सांगता चार औतं बांधावर हजर. अप्पा मात्र कुणाकडे जात नसत आणि कुणाला येऊ देत नसत. कौलं एकट्याने फेरली. त्यात एकदा खाली आले, पण आधार द्यायला धावलेल्यांना जमिनीवरूनच म्हणाले, "कोनी बलायं तुमले?"

एका हिवाळ्यात शहाद्याला कापूस नेताना त्यांची गाडी गोमाई नदीच्या वाळूत रुतली. मागे आमच्या तीन गाड्या होत्या. आम्ही धोतरं खोचून चाकाला हात घालणार, तोच अप्पा आडवे झाले. "मन्ही गाडी शे. मी काढसू!" मग त्यांनी कापसाचं एकेक गाठोडं पाठीवर घेऊन काठावर नेलं. आम्ही काठावर बसून विड्या ओढल्या. गाडी निघाली, तेव्हा अप्पांना उभं राहवत नव्हतं. पण मिशीला पीळ होता.

त्यांची बायको मुलगी सखू तान्ही असतानाच वारली. आळीतल्या बायका सखूला पदराखाली घ्यायला आल्या, तर अप्पा दारात उभे. "पोर मन्ही शे." न्हाऊ घातलं त्यांनी, वेणी घातली त्यांनी. ती वेणी अशी घट्ट, की पोरीच्या भुवया कायम वर चढलेल्या असत.

सखूचं लग्न ठरलं. अप्पांनी घरोघर जाऊन आमंत्रणं केली आणि वर प्रत्येकाला बजावलं, "लगीनले या, जेवा. पन कामले कोनी येवानं नही." मांडव भाड्याचा, आचारी शहाद्याचे, वाजंत्री नंदुरबारची. बायका चिडल्या. "ऱ्हाऊ दे त्याले एकला," माझी आई म्हणाली.

हळदीच्या दिवशी सकाळी खरोखरच कुणी गेलं नाही. आमचं आणि अप्पांचं घर भिंतीला भिंत लागून. पलीकडे आचाऱ्यांची भांडी वाजत होती, बाकी सामसूम. नवरी पाटावर एकटी बसून असेल, हे आईला कळत होतं. ती चुलीपाशी उगाच लाकडं मागे-पुढे करत राहिली.

मग जात्याची घरघर सुरू झाली आणि तिच्यावर एक घोगरा, फाटका आवाज चढला.

"हयद दयस वं माय, मन्ही लाडीना अंगले..."

अप्पा हळदीचं गाणं म्हणत होते! बायकांचं गाणं, गिरणीत काम केलेल्या पुरुषाच्या गळ्यातून. आळीत आधी खसखस पिकली. पण अप्पा थांबेनात. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्यात नवरीची आई लेकीला जवळ घेते. तिथे आवाज अडला. जातंही थांबलं.

आई उठली. पदर खोचला आणि सरळ पलीकडे गेली. मी मागोमाग. अप्पा जात्यापाशी बसले होते, मिशीभर हळद. समोर पाटावर सखू हमसून रडत होती. आई जात्यापाशी बसली, खुंट्याला हात घातला आणि अडलेलं कडवं तिथूनच उचललं. दाराशी एकेक करत सगळी आळी जमली. त्या दिवशी कळसाडीत दुपारपर्यंत हळद दळली जात होती. दहा लग्नांना पुरली असती.

अप्पांनी कुणाला नाही म्हटलं नाही. नुसते खांबाला टेकून ऐकत राहिले.

सखू सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात बायका चिंचा फोडत बसल्या होत्या. अप्पा कुंपणापाशी आले, बराच वेळ घुटमळले.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "काही काम शे का?"

"शे ना, भाऊ. बठा आठे."

ते बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसले आणि चिंचा फोडू लागले. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "सखूले चिंचनं सार भलतं आवडस."

आईने आपल्या पुढ्यातला ढीग थोडा त्यांच्याकडे सरकवला.