एकतीस खिळ्यांचा फळा

आमचे शेजारी ठोंबरे अण्णा यांच्या घरात घड्याळ नव्हतं, आरसा नव्हता, पण दारासमोरच्या भिंतीवर एकतीस खिळे ठोकलेला फळा होता. प्रत्येक खिळ्याखाली एक तारीख. बाजारातल्या कमानिया गेटजवळच्या एका पत्रेवाल्याकडून गोल तुकडे कापून आणून अण्णांनी त्यांच्यावर खिळ्यानं नावं खरवडली होती. कोर्टात ज्याची फौजदारी पेशी, म्हणजे सुनावणी, ज्या तारखेला, त्याचा पत्रा त्या खिळ्यावर. पेशी झाली, पुढची तारीख पडली, की पत्रा पुढच्या खिळ्यावर.

हे खूळ त्यांना नोकरीनं लावलं. तीस वर्षं ते आमच्या फॅक्टरीच्या गेटवर टोकनवाले होते. सकाळी भोंगा झाला की खिडकीतून प्रत्येकाला त्याचं पितळी टोकन द्यायचं. टोकन घेऊन आत गेला तो हजर, ज्याचं खिळ्यावर राहिलं तो गैरहजर. दोन हजार माणसं, पण तीस वर्षांत कोणाचं टोकन कोणाला गेलं नाही. रिटायर झाल्यावर माणसं संपली, मग अण्णांनी वस्तीतले आरोपी गोळा केले.

आरोपींना आमच्याकडे तोटा नव्हता. कोणी नळावर बादली हाणलेली, कोणी पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडलेला. आणि बारा-बारा तासांच्या ड्यूटीत पेशी लक्षात ठेवतो कोण? अण्णा आदल्या संध्याकाळी दारात उभे. "उद्या पेशी. धुतलेला सदरा घाल. पान खाऊन जाऊ नको."

मी त्यांना फार हसायचो. मग मीच आरोपी झालो.

पाकिस्तानशी लढाई लागली होती. ब्लॅकआउट होता. आमच्या खिडकीचा काळा कागद थोडा फाटला होता, तर शिट्टी फुंकत फिरणाऱ्या एका स्वयंसेवकानं आईवरून शिवी दिली. मी मूळचा डोक्यानं गरम. ढकलला त्याला. नालीत पडला, हात मोडला, आणि माझ्यावर केस झाली. जमानतीवर सुटलो, पण वकिलानं बजावलं, "एक पेशी चुकली की वॉरंट. दोन दिवस आत राहिलात की नोकरी गेली समजा." घरात विधवा आई आणि लग्नाची बहीण. माझी झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर माझा पत्रा लागला. शरद.

अण्णांचा नियम एकच. "वकील सांगते ते ऐकायचं. रजिस्टर आपल्या डोळ्यानं पाहायचं." माझ्यासोबत कचेरीत येऊन ते तारखा लिहिणाऱ्या पेशकाराच्या खांद्यावरून रजिस्टरात मान घालायचे. पेशकार वैतागला. "बाबा, मुझपर भरोसा नहीं है क्या?"

"भरोसा है, साहब," अण्णा म्हणाले, "चश्मा भी है."

माझ्या बहिणीला पाहायला मदन महल भागातून मंडळी आली. पोहे झाले, चहा आला, बोलणं रंगात आलं, आणि दारात अण्णा. "शरद, उद्या चौदा. फौजदारी आहे, उशीर करू नको!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई पदरात तोंड लपवून बसली. अण्णा आपले निघून गेले. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "आमचीही एक चालू आहे. हे लिहून घेतील काय?"

लग्न ठरलं. फळ्यावर एक पत्रा वाढला.

नऊ तारखेच्या खिळ्यावर मात्र एक पत्रा कायमचा होता. बाकीचे पुढे सरकायचे, तो जागचा हलत नव्हता. त्यावर नाव होतं, वसंत. दर नऊ तारखेला अण्णा जुना काळा कोट चढवून कचेरीत जायचे. मी एकदा चिडवलं, "हा कोण बाप्पा, दर महिन्याला नऊच?"

"तू आपली तारीख पाहा," अण्णा म्हणाले.

माझी पुढची पेशी बावीसची होती. लढाईच्या गडबडीत आमच्या मॅजिस्ट्रेटला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि केसेस शेजारच्या कोर्टात गेल्या, तारखाही बदलल्या. आम्हाला कोणी कळवलं नाही. अठराच्या सकाळी मी ड्यूटीवर गेलो, खिडकीशी हात पुढे केला, तर नवा टोकनवाला टोकन देईना. मागे अण्णा उभे. सायकलीवर आले होते, धापा टाकत होते.

"याचं टोकन देऊ नको. याची पेशी आज आहे. आत्ता कोर्टाच्या व्हरांड्यात लिस्ट पाहून येऊन राहिलो."

"अण्णा, सुट्ट्या बंद आहेत! लढाई चालू आहे, मला मेमो देतील!"

"देऊ दे मेमो!"

मी भडकलो. मागची रांग ओरडायला लागली. मी खिडकीत हात घातला, तर या हडकुळ्या म्हाताऱ्यानं माझं मनगट असं धरलं की सुटेना. "जीव गेला तरी देऊ नको रे याला," ते टोकनवाल्याला म्हणाले, "मी दिलं होतं."

मी हात मागे घेतला आणि अण्णांना मागे बसवून त्यांची सायकल वळवली. जाताना वाटेत त्यांनी सांगितलं. वसंता त्यांचा धाकटा भाऊ, याच फॅक्टरीत. चीनच्या लढाईच्या वेळी गेटवरच्या मारामारीत त्याचं नाव आलं. अंगठेबहाद्दर होता, म्हणून पेशीची चिठ्ठी भावाकडे दिली. "दादा, तू आठवण दे." अण्णांची तेव्हा डबल ड्यूटी चाललेली. नऊ तारखेच्या सकाळी वसंता खिडकीशी आला, हात पुढे केला.

"आणि मी टोकन देऊन राहिलो, शरद. माझ्या ह्या हातानं. तिकडे कोर्टात त्याच्या नावाचा पुकारा, आणि इकडे मी त्याला हजर मांडला. दोन हजार लोकांत एकाची चूक नाही, आणि घरच्याची केली." वॉरंट निघालं. त्याला जेलात ताप भरला. पुढची पेशी त्यानं पाहिली नाही.

त्या दिवशी मी कोर्टात हजर होतो. फॅक्टरीचा मेमो मिळाला, तो अजून माझ्याकडे आहे. चार महिन्यांनी मी निर्दोष सुटलो. अण्णांनी माझा पत्रा काढून हातात दिला. "जा. पुन्हा इथे दिसू नको."

पुढच्या थंडीत अण्णांनी अंथरूण धरलं. आई दोन्ही वेळा पेज द्यायची. एका सकाळी मी गेलो तर ते कोटाची एक बाही घालून खाटेवर बसलेले. उठवत नव्हतं.

"नऊ आहे," ते म्हणाले. "कोणी नाही गेलं तर कसं होईल?"

मी रजा टाकून कचेरीत गेलो. अण्णा बसायचे त्या बाकावर बसलो. चपराशी एकेक नाव पुकारत होता, "हाजिर हो!" वसंत ठोंबरे हे नाव कोण पुकारणार? तरी दुपारपर्यंत माझ्यानं उठवलं नाही. असा दर महिन्याला हा माणूस इथे बसतो, आणि आपण त्याला चिडवत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आलो. अण्णा जागेच होते.

"पुकारा झाला?"

"झाला," मी म्हणालो. "मी हजर आहे म्हणून सांगितलं."

"पुढची?"

"पुढची नाही दिली, अण्णा. केस मिटली. सुटला वसंता."

अण्णा वेडे नव्हते. मी खोटं बोलून राहिलो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला.

"रजिस्टर आपल्या डोळ्यानं पाहिलं काय?"

"पाहिलं, अण्णा. दोन्ही डोळ्यांनी."

त्यांनी कोटातून हात काढून घेतला आणि भिंतीकडे बोट केलं.

"मग काढ तो पत्रा," ते म्हणाले.